आय-सेव्हन कोणत्या सालचा, ते आधी विचारा

वाचकाचं पत्र

भाऊ, मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगा यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला लागला. रोज रेल्वेनं जळगावला अप-डाऊन करतो. त्याला घरी गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय. अभ्यासालाही लागेल म्हणतो. मॉनिटर धरून ८०,००० पर्यंत माझी तयारी आहे. एका दुकानदारानं दिलेलं कोटेशन जसंच्या तसं उतरवतो: आय-सेव्हन प्रोसेसर, एच६१ बोर्ड, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, २५६ जीबी एसएसडी, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर. सगळं मिळून ४६,०००. मुलगा म्हणतो हे नकोच, आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक कार्ड पाहिजे. दुकानदार म्हणतो पोराला काय कळतं, आय-सेव्हन म्हटल्यावर सगळे गेम चालतात. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं. वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली आहे, तिथं ठेवायचा विचार आहे. ३४,००० वाचत असतील तर का वाचवू नयेत?
– एक वाचक, ता. रावेर

उत्तर

दादा,

वाचत काहीच नाही, ४६,००० तेवढे जातात. पोराला काय कळतं म्हणणाऱ्या दुकानदारापेक्षा पोराला जास्त कळतंय, हे आधी सांगून टाकतो. पण सगळं कळतंय असंही नाही. त्याच्याकडे येऊच.

तुम्ही जळगावच्या सराफात सोनं घ्यायला गेलात आणि पावतीवर नुसतं 'सोन्याची पोत, एक नग' असं लिहून दिलं, तर घ्याल का? कॅरेट किती, वजन किती, घडणावळ किती, हे वेगवेगळं मागाल. हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर भिंगातून बघाल. मग कॉम्प्युटरच्या कोटेशनवर नुसतं 'आय-सेव्हन' लिहिलेलं कसं काय चालतं? आय-सेव्हन हे घराण्याचं नाव झालं. त्यात आजोबाही आले आणि नातूही. माणूस कोणता ते पुढच्या आकड्यावरून कळतं, आणि तोच आकडा तुमच्या कोटेशनवर नाही.

पण त्यानं चुकून एक गोष्ट लिहिली आहे, एच६१ बोर्ड. तिथंच तो सापडला. एच६१ हा २०११ सालचा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप. त्यावर इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी बसते, म्हणजे तो आय-सेव्हन बहुधा २६०० किंवा ३७७० असणार. ३७७० आला २०१२ मध्ये. तुमचा मुलगा तेव्हा अंगणवाडीत खिचडी खात असेल. मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून भंगारात निघालेले हे प्रोसेसर धुऊनपुसून नव्या कोऱ्या चिनी बोर्डावर बसवतात, वर रंगीत दिव्यांचं कॅबिनेट चढवतात आणि 'गेमिंग पीसी' म्हणून विकतात. तलाठी कार्यालयात सातबारा काढायला ते आजही धावतील. मी स्वतः असे जोडून दिले आहेत, पण टायपिंगवाल्यांना आणि त्या भावात.

आता यातली खरी अडचण. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि त्याला टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेची एक चिप, लागतं. जुन्या मशीनवर आडवाटेनं ते घालता येतं, दुकानदार घालूनही देईल. पण व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही कुलपं मागतो आणि नसेल तर उघडतच नाही. म्हणजे ४६,००० देऊन, मुलगा असा गेम खेळणारा असेल तर तो पहिल्याच संध्याकाळी अडकणार. मग घरात जे होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

'४ जीबी ग्राफिक कार्ड' ही ओळ तर त्याहून गंमतशीर. या भावात या वर्णनाचं कार्ड म्हणजे बहुतेक जीटी ७३०, सन २०१४ चं. चार जीबी ही त्याची मेमरी, म्हणजे वखार. वखार कितीही मोठी बांधली तरी गाडी भरायला हमाल दोनच असतील तर रात्रीपर्यंत ट्रक फाट्यावरच उभा राहणार. कार्डाचे हमाल म्हणजे त्याचे कोअर. जीटी ७३० मध्ये ते ३८४ आहेत, आणि त्याच नावाच्या एका प्रकारात तर फक्त ९६. मुलगा म्हणतोय त्या ४०६० मध्ये ३०७२. दोन पिढ्यांचे कोअर असे सरळ मोजून तोलायचे नसतात हे खरं, पण इथं तोलायला तराजूच लागत नाही. मेमरीचा आकडा तेवढा मोठ्यानं सांगायचा आणि कार्डाचं नाव गिळायचं, ही फार जुनी चाल आहे.

तेव्हा ते कोटेशन बाजूला ठेवा. दुकानदाराशी भांडू नका, पुढे कधी कीबोर्ड-माउस लागेल.

आता मुलाचं. ४०६० मागतोय ते चुकीचं नाही. पण तो कार्डापासून सुरुवात करतोय. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून सगळे तसंच करतात. तिथं खोलीत एसी असतो आणि भिंतीतून २३० व्होल्ट येतात. खान्देशात मी उलट्या टोकानं सुरुवात करायला सांगतो. आधी लाईट, मग ऊन, मग मॉनिटर, आणि कार्ड शेवटी. वीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसून माझं हे मत झालंय. टेबलावर येणाऱ्या गेमिंग मशीनमध्ये कार्ड मुळात खराब असलेली थोडी. बाकी सगळी विजेनं आणि उन्हानं मारलेली.

एक उदाहरण सांगतो. भुसावळजवळच्या एका मळ्यातला मुलगा. कॉम्प्युटर सकाळी छान चालायचा आणि दुपारी दोननंतर गेम सुरू केला की खटकन बंद. दुकानदारानं एकदा कार्ड बदललं, एकदा रॅम बदलली, तरी तेच. शेवटी मी मीटर घेऊन घरी गेलो. सकाळी अकराला भिंतीवरच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये २२८ व्होल्ट. मळ्यातली लाईन, शेतीच्या फीडरवरची. जेवणं झाली, दोन वाजले, शेजारपाजारच्या विहिरींवर मोटरी सुरू झाल्या आणि मीटरचा आकडा माझ्यासमोर उतरू लागला. २०४, १९०, १७१. पंख्याचा आवाज बदलला. मुलानं गेम उघडला, आणि अंधार. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, होता, मागे ११५ आणि २३० चं लाल बटण असलेला, हातात घेतला तर भाकरीएवढा हलका. त्याच्या जागी १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला चांगला एसएमपीएस बसवला. कार्ड तेच, रॅम तीच. तो मुलगा आज दुपारीही खेळतो, त्याची आई मला त्यासाठी अजून बोलते.

म्हणून तुमच्या ८०,००० मधली पहिली नोट एसएमपीएसला. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का), नावाजलेल्या कंपनीचा. बाजूच्या स्टिकरवर इनपुट वाचा. १०० ते २४० असेल आणि 'ॲक्टिव्ह पीएफसी' लिहिलेलं असेल तर तो आपल्याकडच्या व्होल्टेजला पुरून उरतो. तिथं नुसतं २३० किंवा २०० ते २४० लिहिलेलं असेल तर परत ठेवा. कोटेशनमधला 'एसएमपीएस ५०० वॅट' हा आकडा तर कागदावर कुणीही छापतो. अशा डब्यातून प्रत्यक्षात त्याच्या निम्मं निघालं तरी नशीब समजायचं.

मग यूपीएस. सगळीकडे मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. आपण जे मशीन ठरवतोय ते गेम चालू असताना मॉनिटर धरून अडीचशे वॅटच्या आसपास जाईल. कागदावर बसतं. पण बॅटरी वर्षभरात थकली की लाईट जाताक्षणी यूपीएसही मान टाकतो. १००० व्हीएचा घ्या, आणि त्याची इनपुट रेंज १४० व्होल्टच्या आसपास सुरू होते का ते बघा, म्हणजे व्होल्टेज पडल्यावर तो उठसूट बॅटरीवर जाणार नाही. यूपीएस हा गेम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता. 'घरी इन्व्हर्टर आहे, त्यावर दोन तास खेळीन' असं मुलगा म्हणाला तर, रात्री पंखा बंद पडल्यावर त्याच्या आजीला उत्तर कोण देणार, एवढं विचारा.

अर्थिंग. हा शब्द कॉम्प्युटरच्या दुकानात कुणी काढत नाही, कारण त्यात विकायला काही नाही. तुमच्या वायरमनला बोलवा आणि सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ असं दोनदा मीटर लावायला सांगा. दोन्हीकडे जवळपास सारखा आकडा आला पाहिजे. दुसऱ्या वेळी शंभर-सव्वाशेवर घुटमळला तर तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे. अशा घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि मुलं म्हणतात 'थोडा करंट मारतो, चालतं'. चालत नाही. नवं अर्थिंग करायला मीठ-कोळसा आणि पत्रा मिळून जो खर्च येईल तो कार्डाच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतत चला.

आता ती पत्र्याची खोली. तिथं नको, दादा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. कार्डाचं तापमान हे खोलीच्या तापमानावर रचलेलं असतं. २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड ६८ ला स्थिर राहतं, तेच ४२ च्या खोलीत ८५ ला जाऊन टेकतं. हिशेब सरळ बेरजेचा आहे. ऐंशीच्या वरच्या घरात गेलं की कार्ड जीव वाचवायला स्वतःचा वेग आपणच कमी करतं, मग तुम्ही वेगाला मोजलेले पैसे कूलिंग नसल्यामुळे वाया. खाली जुनं धाब्याचं घर शिल्लक असेल तर त्यातली खोली उत्तम. धाब्याखाली भर दुपारीही गारवा असतो. फक्त वरून माती झडते, म्हणून टेबलावरच्या भागाला वर कापड ताणून बांधा.

कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका. हे मुद्दाम लिहितो, कारण चांगल्या हेतूनं सगळे हेच करतात. बोअरच्या पाण्यातला क्षार त्या ओल्या हवेबरोबर आत जातो. मागच्या जूनमध्ये एक कॅबिनेट उघडलं तर कार्डाच्या पंख्यावर पांढरा थर, पापडखार भुरभुरावा तसा, आणि त्यावर कपाशीच्या तंतूंची गोधडी. पंखा फिरत होता, हवा जात नव्हती. कूलर दाराशी, मशीन दुसऱ्या कोपऱ्यात, खिडकी उघडी, एवढं पुरतं. महिन्यातून एकदा ब्लोअरनं साफ करा. साफ करताना पंख्यात पेन्सिल अडकवून ठेवा, नाहीतर हवेच्या जोरानं तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्या. समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेलं देखणं दिसतं, पण काचेतून हवा जात नाही. समोर दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आरजीबी म्हणजे घडणावळ. मोडायला गेलात तर त्याचे पैसे कुणी देत नाही. मुलानं हट्ट धरला तर एक रंगीत पट्टी घेऊन द्या, पोर आहे.

एवढं झाल्यावर कार्ड निवडणं सोपं जातं, कारण आता आपल्याला वॅट कळतात. ४०६० हे ११५ वॅटचं कार्ड. ते २०२३ चं. त्याच्या पुढचं ५०६० मे २०२५ मध्ये आलं, ते १४५ वॅटचं. एएमडीचं आरएक्स ७६०० साधारण १६५ चं, इंटेलचं आर्क बी५८० हे १९० चं. कार्ड जेवढी वीज खातं तेवढी सगळी उष्णता म्हणून खोलीत सोडतं. १९० वॅट म्हणजे जुने पिवळे शंभराचे जवळजवळ दोन दिवे, टेबलाखाली, मे महिन्यात, तीन तास. मुंबईचा माणूस बी५८० सुचवील आणि १२ जीबी मेमरीमुळे त्याचं म्हणणं चुकीचंही नसेल. मी तुमच्या घरासाठी ४०६० किंवा ५०६० म्हणतो. दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर ५०६० घ्या. ५०६० तीन-चार हजारांनी महाग असेल तर ४०६० बिनधास्त घ्या, उन्हाळ्यात ते तीस वॅट कमी खाईल.

एएमडी का नको, असं मुलाचे मित्र विचारतील. नुसता गेम खेळायचा असता तर १३२ वॅटचं आरएक्स ६६०० घेऊन काही हजार वाचवा असंच सांगितलं असतं. अजूनही पैशाची ओढाताण झाली तर तो माझा दुसरा पर्याय आहे. पण मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. तिसऱ्या वर्षाला मशीन लर्निंग येईल, आणि तिथं शिकवण्याचं बरंच साहित्य ४०६० बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या 'कुडा' नावाच्या सॉफ्टवेअरवर बेतलेलं असतं. 'अभ्यासालाही लागेल' हे त्याचं वाक्य थाप समजू नका. निदान निम्मं तरी खरं आहे.

या दोन्ही कार्डांना मेमरी ८ जीबीच आहे आणि त्यावरून रोज कुणीतरी ओरडतं. साध्या फुल एचडी मॉनिटरवर, म्हणजे १९२० बाय १०८० वर, ती आज पुरते. काही नव्या गेममध्ये चित्राचा दर्जा 'अल्ट्रा'वरून एक पायरी खाली आणावा लागेल, एवढंच. व्हॅलोरंटला तर याच्या निम्मं कार्डही खूप झालं, तो गेम प्रोसेसरवर जास्त चालतो. आणि मुलगा जीटीए ६ चं नाव घेत असेल तर त्याला आठवण करून द्या, की रॉकस्टार कंपनीनं तो गेम जाहीर केलाय प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. जे कॉम्प्युटरसाठी जाहीरच झालं नाही त्याच्या नावानं आज महाग कार्ड घ्यायचं नसतं.

नावांच्या फसवणुकीचा एक प्रकार अजून आहे, आणि यात दुकानदाराचा दोष नाही, कंपन्यांचाच आहे. ५०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि १६ जीबीतही. एएमडीच्या ९०६० एक्सटीचं तेच. खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव सारखंच. आरटीएक्स ३०५० चं तर याहून वाईट. ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन आहेत, आणि ६ जीबीवाल्यात फक्त मेमरीच कमी नाही, कोअरही कमी आहेत. कोणी '३०५० स्वस्तात देतो' म्हणालं की आधी जीबी विचारा.

जुनं कार्ड घ्यावं का? जळगावच्या बाजारात आणि मोबाईलवर भरपूर फिरतायत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग, म्हणजे कार्डं जुंपून आभासी चलन कमावणं, बंद झालं, त्यानंतर रात्रंदिवस राबवलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. त्यातली काही अजून हातोहात फिरतात. १०५० टीआय, १०६० अशी १० मालिकेची कार्डं आता कोणत्याच भावात घेऊ नका. २०२५ च्या शेवटी एनव्हिडियानं त्यांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, देणं थांबवलं. आरएक्स ५८० च्या नावाखाली कमी कोअरचं '२०४८ एसपी' कार्ड खपवतात. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडलं की पितळ उघडं पडतं. तुम्ही तालुक्याच्या गावी राहता, मशीन बिघडलं तर मुलाला कार्ड पिशवीत घालून जळगावच्या फेऱ्या माराव्या लागतील. तुमच्या बाबतीत मी नवं आणि वॉरंटीवालंच म्हणतो.

प्रोसेसरला फार वेळ घालवत नाही. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ. दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही २०२२ चे, दोन्ही तुमच्या त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतात. हो, आय-फाइव्ह. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात ते इथं उलटं वाचा. १२४००एफ मधला शेवटचा 'एफ' म्हणजे आत स्वतःचं ग्राफिक नाही, आणि साध्या ५६०० मध्येही नाही. कार्ड काढलं तर स्क्रीन काळी. हे माहीत नसलेला माणूस कार्ड दुरुस्तीला पाठवून घरी मॉनिटर बडवत बसतो. ५६०० घेतलात तर बोर्ड बी५५० चा घ्या. कोटेशनवर नुसतं 'बोर्ड' एवढंच लिहिलेलं नको.

रॅमला मात्र हात भाजेल. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडं कारखाने वळले आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला टंचाई आली. म्हणूनच डीडीआर५ ची नवी गाडी सोडून मी डीडीआर४ वर थांबतोय. १६ जीबी घ्या, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. १६ ची एकच पट्टी म्हणजे गाडीला एकच बैल. चार खाचांच्या बोर्डावर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. आणि ३२०० लिहिलेली रॅम अनेकदा बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी हा पूर्ण वेगाचा पर्याय सुरू करेपर्यंत २४०० किंवा २६६६ लाच चालत राहते. हे बटण दुकानातच दाबून घ्या. एसएसडी ५०० जीबीची, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची. २५६ मध्ये विंडोज आणि जीटीए ५ गेला की पाहुण्याला बसायला जागा नाही.

मॉनिटर २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झ किंवा वर. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४०६० लावणं म्हणजे ट्रॅक्टर घेऊन घोडागाडीच्या चालीनं हाकणं. कार्ड सेकंदाला १४० चित्रं तयार करील, पडदा त्यातली साठच दाखवील.

पैशाची वाटणी म्हणाल तर भाव आठवड्याला हलतात, म्हणून मी अंदाजानं सांगतो. कार्डाला २८,००० ते ३०,०००. मॉनिटरला १०,००० च्या आसपास. एसएमपीएस आणि यूपीएस मिळून तेवढेच. उरलेल्या तीस हजारांत प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट. रॅममुळे हे शेवटचं गणित ताणलं जाईल. ताणलं तर कार्ड एक पायरी खाली घ्या किंवा दोन-तीन हजार वाढवा. एसएमपीएसमध्ये काटकसर मात्र करू नका. बिलाशिवाय घेतलं तर कमी पडेल असं कोणीतरी म्हणेलच. या वस्तूंवर १८ टक्के जीएसटी आहे, मोह होतो. पण पक्क्या बिलावर कार्डाचा सिरीयल नंबर नसेल तर तीन वर्षांची वॉरंटी ही तोंडची वाफ.

मशीन जोडून झालं की पैसे देण्याआधी मुलाला तिथंच बसवा. मॉनिटरची केबल वर बोर्डात नाही तर खाली कार्डात लावली आहे ना ते बघा. हसू नका, महिन्यातून एक तरी मशीन 'नवं कार्ड चालत नाही' म्हणून माझ्याकडं येतं आणि मी केबल चार इंच खाली सरकवून परत पाठवतो. मग जीपीयू-झेडमध्ये नाव, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग, आणि अर्धा तास एखादा जड गेम. दुकानदार चहा मागवेल, प्या, पण अर्धा तास पूर्ण होऊ द्या.

परत आणताना कार्ड काढून त्याच्या खोक्यात घाला आणि कॅबिनेट आडवं निजवा, बोर्ड खालच्या बाजूला राहील असं. मोटरसायकलवर मांडीवर उभं धरून सावद्याच्या पुढचे गतिरोधक पार केलेत, तर कार्डाच्या वजनानं बोर्डाची खाच तडकायला एक धक्का पुरतो. खोकी आणि थर्माकोल वर्षभर माळ्यावर ठेवा, वॉरंटीला पाठवताना लागतात.

मुलगा अभ्यास करील की खेळत बसेल, हे तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, ओळींच्या मधून मात्र डोकावतंय. त्यावर मी काय सांगणार? मे महिन्यात दुपारी दोन ते पाच मशीन बंद ठेवायचं, हा नियम घाला. कार्डासाठी आहे म्हणून सांगा, ऐकेल.

आता दोन वेगवेगळ्या दुकानांतून नवं कोटेशन घ्या आणि मला फोटो पाठवा. प्रत्येक ओळीत कंपनी, पूर्ण नाव आणि आकडा असू द्या.